सोलापूरच्या उन्हात दलदलीची बाग: खड्डा, कागद, माती आणि क्षार

काळीमाती

बॉग गार्डन म्हणजे तळं नव्हे. तळ्यात पाणी दिसतं, दलदलीच्या बागेत ते दिसता कामा नये. माती बारा महिने चिंब, पाण्याची पातळी मातीच्या वरच्या थरापासून दोन ते चार इंच खाली, पाऊल ठेवलं तर रुतेल पण डबकं साचणार नाही, अशी ती जागा. बहुतेक छापील कृती थंड आणि पावसाळी मुलखासाठी लिहिलेल्या असतात. तिथं अडचण जास्त पाण्याची. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मेमध्ये पारा ४२ च्या पुढं, नळाला रोज पाणी नाही आणि बोअरचं पाणी जड. म्हणून कृती तीच ठेवली तरी काही गोष्टी बदलाव्याच लागतात. या धाग्यात ६ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड फूट खोल वाफा धरून सगळी मापं देतोय. त्याहून उथळ केला तर मे महिन्यात दोन दिवसांत कोरडा पडतो.

जागा पूर्वेची निवडा. सकाळचं चार-पाच तास ऊन पुरे. पश्चिमेच्या भिंतीला लागून वाफा करू नका. भिंत दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता मातीत सोडते. मोठ्या झाडाखालीही नको, मुळं ओलीकडं धाव घेतात आणि पानं कुजून वास मारतो.

खड्डा. काळ्या मातीत थेट कागद, म्हणजे पाणी अडवणारं प्लॅस्टिकचं अस्तर, अंथरायचा नाही. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, भेगा पडतात. भेग पडली की कागद त्या फटीत ओढला जातो आणि वरच्या ओझ्यानं ताणून फाटतो. म्हणून चारी बाजूंनी आणि तळाला ४ इंच जास्त खणा आणि तेवढा मुरूम भरून, पाणी मारून, चोपून घ्या. या मापाला साधारण २० घनफूट मुरूम लागतो. बाजू अगदी उभ्या न ठेवता थोड्या कलत्या ठेवा.

कागद. आपल्या जिल्ह्यात शेततळ्याचा कागद सहज मिळतो, दुसरीकडं शोधायची गरज नाही. ५०० मायक्रॉनचा घ्या. २०० मायक्रॉनची काळी पन्नी स्वस्त पडते, पण कडेला ऊन लागलं की तडकते. माप काढायची रीत: लांबी अधिक दोनदा खोली अधिक दोन्हीकडं एकेक फूट. म्हणजे ६+३+२=११ फूट आणि ४+३+२=९ फूट. कोपरे कापू नका, पाकिटासारखी घडी घाला. खाली एक इंच चाळलेली वाळू, वर पुन्हा एक इंच वाळू, त्यावर खडी. क्रशरच्या खडीच्या धारा चाकूसारख्या असतात, वाळूशिवाय ती कागदावर टाकली तर माती भरतानाच भोकं पडतात.

खडी २० मि.मी.ची काळी, धुतलेली, ३ इंचांचा थर. सहा घनफूट लागेल. खडीवर हिरव्या जाळीचा एक पदर, म्हणजे माती खाली उतरत नाही.

एका कोपऱ्यात उभा पाइप ठेवा. ४ इंची पीव्हीसी, दोन फूट लांब, खालच्या एक फुटाला ६ ते ८ मि.मी.ची भोकं, भोकांवर जाळी गुंडाळलेली, तळ खडीत टेकलेला, वर टोपण. हा पाइप म्हणजे या बागेची विहीर. यातून पातळी मोजायची, यातूनच पाणी द्यायचं आणि उपसायचंही.

माती. बसल्यावर कमी होते हे धरून सुमारे ७० घमेली मिश्रण लागतं: ३५ घमेली लाल माती किंवा पोयटा, २० घमेली धुतलेलं कोकोपीट, १० घमेली जाड वाळू, ५ घमेली गांडूळखत. कोकोपीटच्या पाच किलोच्या चार विटा फुगवल्या की वीस घमेली होतात. शेणखत घालायचंच असेल तर वर्षभर कुजलेलं, आणि दोन घमेल्यांच्या वर नाही.

मातीची पातळी कागदाच्या काठापेक्षा दोन इंच खाली ठेवा. एका बाजूला मात्र कागदाची कड मातीच्याही दोन इंच खाली दुमडा आणि तिथं बाहेरून खडी भरा. जादा पावसाचं पाणी तिथून निघून जाईल. पाणी भरून दहा-पंधरा दिवस माती बसू द्या, मगच लागवड.

बागशिंपी

मापं उत्तम दिली आहेत. एक मुद्दा मात्र पटला नाही. सगळीकडं सांगतात की कागदाला तळाशी मीटरभर अंतरावर भोकं पाडा, म्हणजे पाणी हळूहळू निचरतं आणि माती आंबत नाही. तुम्ही भोकंच पाडली नाहीत. खालचा थर सडणार नाही का?

काळीमाती

भोकं पाडायची पद्धत जिथं आभाळातून पाणी पडतच राहतं तिथली. आपल्याकडं तळाला भोकं पाडली की खालचा कोरडा मुरूम पाणी शोषून घेतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनाला जितकं लागतं तितकंच पुन्हा खाली जातं. पाणी रोज येत नसताना हे परवडत नाही.

पण तुमची शंका रास्त आहे. निचरा नसेल तर दोन गोष्टी साचतात, कुजका वायू आणि क्षार. वायूचा बंदोबस्त मिश्रणात होतो, ओला पाला आणि कच्चं शेण खाली गाडलं नाही तर वास येत नाही. क्षारांसाठी तो उभा पाइप आहे. भोकातून जे आपोआप झालं असतं ते आपण वर्षातून दोन-तीनदा हातानं करायचं.

उजनीकाठ

क्षारांचं गणित मांडतो, कारण इथल्या बहुतेक दलदलीच्या बागा तहानेनं मरत नाहीत, मिठानं मरतात.

२४ चौरस फूट म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात भरगच्च झाडं असलेल्या ओल्या मातीतून दर चौरस मीटरला रोज ८ ते १० लिटर पाणी उडतं असं धरा. म्हणजे या वाफ्याला रोज २० लिटर. फेब्रुवारीअखेरपासून जूनपर्यंत १२० दिवस धरले तर २४०० लिटर. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरमागं मिलिग्रॅम) ८०० असेल तर लिटरमागं ०.८ ग्रॅम क्षार. पाणी उडून जातं, क्षार जात नाहीत. एका उन्हाळ्यात १ किलो ९०० ग्रॅम क्षार त्या एवढ्याशा वाफ्यात राहतात. दुसऱ्या वर्षी तेवढेच आणखी. तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा जळायला लागतात आणि माणूस पाणी कमी पडतंय असं समजून बोअरचं पाणी आणखी ओततो.

उपाय दोन. पहिला, आत येणारे क्षार कमी करा. १०० चौरस फूट पत्र्यावरून वर्षाला चार हजार लिटरच्या आसपास पाणी मिळू शकतं. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला, उत्तरा-हस्ताचा. तेव्हा हजार लिटरची एक झाकणाची काळी टाकी भरून ठेवली तर एप्रिल-मेची बहुतेक गरज भागते. पहिल्या पावसाचं पाणी टाकीत घेऊ नका, त्यात पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. बोअर आणि पावसाचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तरी क्षार निम्म्याच्या जवळ येतात.

दुसरा, आत साचलेले बाहेर काढा. टीडीएस मीटर स्वस्त असतो, तो घ्याच. पाइपातलं पाणी महिन्यातून एकदा मोजा. आकडा २००० च्या वर गेला की धुवायची वेळ झाली. पाइपातून हातपंपानं निघेल तेवढं पाणी उपसा, या मापाच्या वाफ्यातून शंभर-सव्वाशे लिटर सुटतं. वरून सगळीकडं सारखं पावसाचं पाणी द्या, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा उपसा. आकडा १००० च्या खाली येईपर्यंत. उपसलेलं पाणी गटारीत, दुसऱ्या झाडांना नाही.

होटगीरोड

उजनीकाठ, एक पुरवणी. पाइपातून खालून पाणी दिलं की बाष्पीभवन कमी होतं हे खरं, पण पाणी केशाकर्षणानं वर चढतं आणि क्षार वरच्या अर्ध्या इंचात जमतात. मातीवर पांढरी साय दिसते ती हीच. बोटानं खरवडली तर पिठासारखी निघते. पाइपातला आकडा चांगला दिसतो, वरचा थर मात्र खारट झालेला असतो, आणि ब्राह्मीसारख्या उथळ मुळांच्या वेलींना नेमका तोच थर लागतो.

म्हणून चार वेळा खालून दिलं तर पाचव्या वेळी वरून द्या. आणि मृगाच्या आधी वरची साय पत्र्याच्या तुकड्यानं सेंटिमीटरभर खरवडून टाका, तिथं ताजं मिश्रण पसरा. पाऊस पडल्यावर खरवडून उपयोग नाही, तोपर्यंत ती विरघळून आत गेलेली असते.

बागशिंपी

भोकांचा मुद्दा मागं घेतो. गणित पटलं.

कागदाखाली वाळूऐवजी जुन्या सोलापुरी चादरी अंथरल्या तर? जाड असतात, घरोघरी पडून असतात.

गाळपेर

चादर नको ओ. सुती कापड ओलसर मुरमात वर्षभरात कुजतं आणि त्याआधी वाळवी येते. गोणपाटाचंही तेच. वाळवी कापड खाऊन थांबत नाही, कागदाखालून बोगदे काढते, आणि त्या पोकळीवर वरचं ओझं बसलं की कागद खचतो. त्यापेक्षा जुना फ्लेक्स बॅनर दुहेरी करून टाका. तो कुजत नाही, वाळवी धरत नाही. फ्लेक्सची शिवण किंवा लोखंडी कड्या असतील तर तेवढा भाग कापून काढा.

आणखी एक, खडी-मुरमाबद्दल. आपल्याकडच्या मुरमात चुनखडीचे पांढरे खडे बरेच असतात. कागदाच्या बाहेर ते चालतात, आत चालत नाहीत. ओळखायचं असं: खडा घासून स्वच्छ करा, त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं की चुनखडी. ती आत राहिली तर पाण्यात विरघळत राहते, माती अल्कधर्मी होते आणि पानं पिवळी पडतात. शहाबादी फरशीही याच जातीची, चुनखडकाची. काठावर कागद दाबायला तिचे तुकडे छान बसतात, पण ते कागदाच्या बाहेरच्या बाजूला. संगमरवरी चिप्स, बांधकामाचा राडारोडा, सिमेंट लागलेल्या विटा यांनाही आत जागा नाही.

तलावातला गाळ घालावा का असं बरेच विचारतात. संभाजी तलाव असो की हिप्परगा, गाळाबरोबर जलपर्णीचं आणि पाणकणसाचं बी येतं. पाणकणसाचं बी वर्षानुवर्षं टिकतं. एकदा घरात आलं की निंदत बसावं लागतं.

शेवंती

डासांचं काय? शेजारीपाजारी पहिला प्रश्न हाच असतो.

काळीमाती

डासाच्या अळीला उघडं पाणी लागतं. पातळी मातीखाली दोन इंच असेल तर अळी जगूच शकत नाही. धोका तीन ठिकाणी: उभ्या पाइपाचं उघडं तोंड, खतं घालताना पडलेले खळगे, आणि पावसाळ्यात सखल कोपरा. पाइपावर टोपण घट्ट हवं, टोपण हरवलं तर डासांची बारीक जाळी रबरानं बांधा. हिरवी शेडनेट चालत नाही, तिच्या भोकातून डास जातो. खळगे मातीनं भरा. अंड्यापासून डास उडायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा फेरी मारून उघडं पाणी कुठं दिसतं का पाहिलं की झालं. जवळ उघडं कुंड असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

हिरवी_जाळी

झाडांवर सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका रोपं निवडताना होतात. रोपवाटिकेत ओलं-ओलं दिसणारं प्रत्येक झाड दलदलीचं नसतं, आणि दलदलीचं प्रत्येक झाड सोलापूरचं ऊन सोसत नाही.

बिनधोक म्हणजे कर्दळ. ऊन, खारट पाणी, दुर्लक्ष, सगळं सोसते. २४ चौरस फुटांत चार गड्डे पुरे, दोन पावसाळ्यांत त्यांचे वीस होतात. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापायचा, कारण त्याला पुन्हा फूल येत नाही आणि तो नव्या कोंबाचा उजेड अडवतो. पानं गुंडाळली गेलेली दिसली तर आत अळी असते. गुंडाळी उलगडून अळी काढा, फवारणीची गरज पडत नाही.

स्पायडर लिली क्षारांना दाद देत नाही, काठाला लावायला उत्तम. छत्री गवत, ज्याला रोपवाटिकेत अंब्रेला पाम म्हणतात, तेही तसंच. पण ते वाफ्यात मोकळं सोडू नका, १० इंची कुंडीत लावून कुंडीच मातीत पुरा. तरीही त्याच्या वाकायला लागलेल्या छत्र्या वेळेवर कापा, ओल्या मातीवर लोळल्या की तिथंच मुळं धरतात.

अळूला पाणी हवं आणि दुपारची सावली हवी. एप्रिलमध्ये त्याची पानं कडेनं कागदासारखी वाळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कंद जिवंत असतो. मृगानंतर पुन्हा फुटतो. सोनटक्का मात्र आपल्या कोरड्या हवेत नाजूक. मुळाशी कितीही ओल असली तरी उष्ण वाऱ्यानं पानाचं टोक करपतं. कर्दळीच्या पूर्वेला, तिच्या आडोशाला लावला तर टिकतो आणि पावसाळ्यात फुलतो. वेखंडालाही तीच जागा. त्याचं खोड आडवं, उथळ लावा.

जमीन झाकायला नीरब्राह्मी आणि जलपिंपळी. वीत-वीत अंतरावर काड्या खोचल्या की पावसाळ्याच्या दोन महिन्यांत हिरवी चटई होते. झाकलेल्या मातीतून पाणी कमी उडतं आणि पांढरी सायही कमी धरते, म्हणून उघडी माती शिल्लक ठेवू नका. माका आपोआप उगवेल, थोडा राहू द्या. काठावर, जिथं ओल कमी, तिथं पुदिना आणि रेन लिली.

पाणकणीस मोकळं कधीही लावू नका. त्याच्या मुळाचा कोंब सुईसारखा टोकदार असतो आणि कागद भेदतो. फारच हौस असेल तर तळाला भोक नसलेल्या जाड बादलीत लावा.

लागवड मृगाचा पाऊस झाल्यावर. दुसरी वेळ फेब्रुवारीची, पण मग उन्हाळ्याआधी मुळं धरायला दीडच महिना मिळतो. एप्रिल-मेमध्ये लावलेलं रोप चिखलात उभं राहून सुकतं, कारण मुळं नवी असतात आणि पानातून उडणाऱ्या पाण्याइतकं ती ओढू शकत नाहीत.

उजनीकाठ

ब्राह्मीवरून घोळ होतो म्हणून इथंच लिहितो. ब्राह्मी म्हणून दोन वेगळी झाडं विकतात. एकीची पानं छोटी, जाडसर, बिनदेठाची, दांड्यावर समोरासमोर. फूल पांढरट जांभळं. ती नीरब्राह्मी, बाकोपा. दुसरीचं पान गोल, किडनीच्या आकाराचं, कडेला दातेरी, लांब देठावर एकेकटं. ती मंडूकपर्णी, सेंटेला. बाकोपा उन्हात आणि थोड्या खारट पाण्यातही वाढते. मंडूकपर्णीला सावली हवी, सोलापूरच्या उन्हात ती एप्रिलमध्येच मान टाकते. पान पाहूनच घ्या.

शेवंती

धन्यवाद, फार उपयोगी. पानं पिवळी पडण्याबद्दल कोणी नीट सांगेल का? कोणी लोह सांगतं, कोणी पाणी जास्त झालं म्हणतं.

होटगीरोड

दोन्ही खरं असू शकतं. पिवळेपणा कुठून सुरू झाला ते बघा.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, जाळीसारखं चित्र: लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळं झाडाला ते मिळत नाही. अशा वेळी हिराकस टाकून फारसं काही होत नाही, अल्कधर्मी मातीत तो लगेच निकामी होतो. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. ईडीटीए प्रकार घेऊ नका, आपल्या पाण्याच्या सामूला (पीएचला) तो टिकत नाही. आपल्या भागात डाळिंब-द्राक्षं असल्यामुळं कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए मिळतं. १० लिटर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी मातीत द्या. पाणी लालभडक होतं, फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाही. दहा दिवसांत नवं पान हिरवं निघतं. जुनं पिवळं पान सुधारायची वाट बघू नका.

खालची जुनी पानं एकसारखी पिवळी: नत्र कमी. चिंब मातीत नत्र वायू होऊन उडून जातं, म्हणून दलदलीत ही तक्रार नेहमीची. दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत वरून पसरा. युरिया नको.

पानाच्या फक्त कडा तपकिरी, कुरकुरीत: क्षार. वर लिहिल्याप्रमाणं धुवा.

झाड मलूल, ओढलं तर सहज हातात येतं, मुळं काळी-मऊ आणि सडक्या अंड्याचा वास: माती गुदमरली आहे. पाइपातून पाणी उपसून पातळी सहा इंच खाली आणा आणि आठवडाभर तिथंच ठेवा. बांबूच्या काठीनं फूटभर अंतरावर भोकं पाडा, तळापर्यंत जाऊ नका, कागद आहे.

इथं एक सावधगिरी. शेतात चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीला जिप्सम घालतात, म्हणून काहीजण दलदलीच्या वाफ्यातही घालतात. तिथं निचरा असतो, इथं नाही. हवा नसलेल्या चिंब मातीत जिप्सममधल्या सल्फेटचाच तो सडक्या अंड्याचा वायू होतो. सामू उतरवायला गंधक घातलं तर तेही काम करत नाही, कारण गंधकाचं आम्ल व्हायला हवा लागते.

बागशिंपी

आरओचं सोडलेलं पाणी, कूलरचं पाणी, एसीचं पाणी, यातलं कुठलं चालेल?

उजनीकाठ

आरओचं सोडलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा खारट, ते नको. कूलरच्या टाकीतलं त्याहून वाईट. दिवसभर पाणी उडून क्षार मागं राहतात, कूलरच्या वाळ्यावर पांढरी पुटं चढतात ती त्याचीच. एसीचं पाणी हवेतल्या बाष्पाचं, जवळजवळ बिनक्षाराचं, चालतं. मात्र मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणी फारसं पडत नाही. खरं मिळतं ते जून ते सप्टेंबर.

जुळे_सोलापूर

अंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडायची पद्धत आहे, तीच इथं लावता येईल का?

काळीमाती

ते वेगळं काम आहे. त्यात खडीचा लांबट वाफा असतो, एका टोकानं पाणी शिरतं, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या टोकानं बाहेर पडतं. पाणी वाहतं राहतं, म्हणून साबणातलं सोडियमही निघून जातं. आपला वाफा बंद तळाचा. त्यात साबणाचं पाणी गेलं तर सोडियम साचून माती पिठाच्या गोळ्यासारखी चिकट होते आणि पाइपाकडं पाणी सुटतच नाही. दोन्ही करायचं असेल तर दोन वाफे करा, मिसळू नका.

शेवंती

गच्चीवर जमेल?

गाळपेर

या मापाचा वाफा गच्चीवर अजिबात नको. भिजलेली माती, खडी, पाणी मिळून सव्वा ते दीड टन वजन होतं. गच्चीसाठी २०० लिटरचा प्लॅस्टिकचा निळा ड्रम उभा चिरून दोन अर्धे हौद करा. माती भरल्यावर एकेक पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो, तेव्हा तुळईच्या वर, भिंतीलगत ठेवा आणि खाली विटा देऊन हवा खेळती ठेवा. रसायनाचा ड्रम घेऊ नका, खाद्यतेलाचा किंवा खाण्याच्या मालाचा बघून घ्या. काठाखाली तीन इंचांवर एक भोक, जादा पाणी जायला. गच्चीवर मुळं उकडतात हा खरा त्रास. ड्रमच्या दक्षिण-पश्चिम अंगाला थर्माकोलची जाड पट्टी बांधा किंवा पांढरा चुना मारा. मार्चअखेरपासून पावसापर्यंत ५० टक्क्यांची हिरवी जाळी, झाडापासून दोन-तीन फूट उंच, म्हणजे वारा खेळतो. पानाला टेकलेली जाळी पान भाजते.

जुळे_सोलापूर

कीटक खाणारी झाडं, ड्रॉसेरा वगैरे, याच वाफ्यात लावता येतील का?

हिरवी_जाळी

नाही. त्यांची माती उलट्या जातीची. त्यांना खत नको, चुना नको, ५० च्या वर टीडीएसचं पाणी नको. गांडूळखताच्या वाफ्यात ती महिन्याभरात काळी पडतात. वेगळ्या प्लॅस्टिकच्या टबात स्फॅग्नम पीट दोन भाग आणि धुतलेली सिलिका वाळू एक भाग, पाणी फक्त पावसाचं किंवा डिस्टिल्ड. नदीची वाळू, कोकोपीट, मातीची कुंडी तिन्ही वर्ज्य, तिन्हींतून क्षार येतात. उन्हाळ्यात खिडकीजवळ, सकाळच्या उन्हात, दुपारी सावलीत.

आणि एक कळकळीची विनंती. कासच्या पठारावर ड्रॉसेरा आणि सीतेची आसवं दिसतात म्हणून उपटून आणू नका. ती कातळावरच्या बोटभर मातीत, धुक्यात आणि वाहत्या पाण्यात वाढतात. बरीचशी एका पावसाळ्याची असतात. इथं आणलेलं रोप घरी पोचेपर्यंत गेलेलं असतं आणि तिथलं बी कमी होतं. टिश्यू कल्चरची किंवा बियांपासून वाढवलेलीच घ्या.

होटगीरोड

देखभालीत छाटणीची वेळ राहिली. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीच्या मध्याला, वाळलेलं सगळं कापा. फेब्रुवारीत कर्दळ आणि वेखंडाचे गड्डे सोडवा, तीन वर्षांनी एकदा तरी. फावडं वापरू नका, हातानं किंवा लाकडी खुरप्यानं. कापलेली पानं वाफ्यातच गाडायचा मोह टाळा, त्यांचं खत बाहेर करा आणि कुजल्यावर परत आणा.

बागशिंपी

शेवटचा प्रश्न. पाणी लवकर उतरत असेल तर ते उन्हानं की कागद फुटल्यानं, हे कसं ओळखायचं? पाइपातली पातळी एका दिवसात इंचभर उतरते.

काळीमाती

एक इंच ऐकायला जास्त वाटतं, पण उन्हाळ्यात तेवढं बरोबर आहे. मातीत पाण्याला जागा साधारण चाळीस टक्के. त्यामुळं वरून १० मिलिमीटर पाणी उडालं की पातळी २५ मिलिमीटर उतरते. शेजारच्या बादलीतलं पाणी सेंटिमीटरभरच उतरलेलं दिसेल, म्हणून बादलीशी थेट तुलना करू नका, अडीचपट धरा.

खरी परीक्षा रात्रीची. संध्याकाळी सातला पाइपात काठी घालून ओलीची खूण करा, सकाळी सहाला पुन्हा. रात्री दोन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे. मग पाणी घालणं थांबवा आणि रोज काठीवर खूण करत जा. पातळी भरभर उतरून एका ठिकाणी मंदावते. भोक त्याच उंचीला, कुठल्यातरी बाजूला असतं. त्या उंचीपर्यंतच माती बाजूनं उकरायची, सगळा वाफा उपसायची गरज नाही. सुरुवात पाणकणीस, बांबू किंवा झाडाची मुळं जिथं जवळ आहेत त्या बाजूनं करा, आणि कागदाच्या घडीचे कोपरे बघा.

शेततळ्याच्या या एचडीपीई प्लॅस्टिकच्या कागदाला साधा गोंद किंवा पंक्चरचं सोल्युशन धरत नाही. जागा पुसून पूर्ण कोरडी करा, त्याच कागदाचा तुकडा भोकाच्या चारी बाजूंना चार इंच जास्त घ्या आणि ब्युटाइलच्या दुहेरी चिकटपट्टीनं लावून वरून वाळूचं पोतं ठेवून दाबा. चीर हातभर लांब असेल तर शेततळ्याचं अस्तर जोडणाऱ्याकडून गरम हवेच्या यंत्रानं सांधून घ्या. माती परत भरण्याआधी तेवढ्या भागात पाणी भरून एक रात्र ठेवा.